इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या लाकडी खुर्चीला 'मॉडर्न' डिझाइन का म्हणतात? जुनी मिळाली तर घ्यावी का?

जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे ही खुर्ची सुटी करून पुन्हा जोडण्याचं काम नेहमीचंच. पणजोबांच्या काळातली वाटणारी ही वस्तू मॉडर्न कशी, ही तुमची शंका रास्त आहे. पण तिचं मॉडर्नपण दिसण्यात कमी आणि ती बनते कशी, यात जास्त आहे.

मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची 'नंबर १४', साल १८५९. मिखाएल थोनेट हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा कारागीर. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, साच्यात एकमेकींवर चिकटवून तो वळणदार फर्निचर करायचा. १८४१ साली कोब्लेन्झच्या प्रदर्शनात ते काम ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निख याच्या नजरेत भरलं आणि त्याने थोनेटला व्हिएन्नाला बोलावून घेतलं. गावचा कारखाना तोवर सावकारांच्या घशात चालला होता, त्यामुळे हे बोलावणं अगदी वेळेवर आलं. व्हिएन्नात काफे डाउमसाठी त्याने खुर्च्या केल्या. म्हणजे ही जमात पहिल्यापासून हॉटेलातलीच.

अडचण होती सरसाची. दमट हवेच्या देशांत माल गेला की पट्ट्या सुटायच्या (मुंबईच्या पावसाळ्यात काय झालं असतं ते सांगायला नको). म्हणून अख्खा दांडाच वाकवायचा, असं त्याने ठरवलं. आता लाकूड दाबलं तर बऱ्यापैकी दबतं, पण ताणलं की तडकतं. दांडा वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि नेमकी तिथेच चीर पडते. थोनेटने त्या बाजूला धातूची पट्टी लावून ती दोन्ही टोकांना घट्ट आवळली. पट्टी लांबत नाही, म्हणून लाकडालाही लांबता येत नाही. सगळा जोर आतल्या बाजूला दाबाच्या रूपाने जातो. वाफेवर मऊ केलेला बीच या झाडाच्या लाकडाचा दांडा असा लोखंडी साच्यावर वळवायचा आणि तसाच वाळू द्यायचा. १८५६ साली त्याला याचं पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, कोरिचानी इथे कारखाना निघाला, कारण बीचचं जंगल तिथे होतं. मुरलेल्या सुताराची गरज उरली नाही. आसपासच्या खेड्यांतली माणसं थोड्या शिकवणीवर हे काम करू लागली.

आता खुर्ची उलटी करून बघा. मागचे दोन पाय आणि पाठीची मोठी कमान हा एकच सलग दांडा. त्याच्या आत छोटी कमान, बैठकीचं कडं, पुढचे दोन पाय आणि खाली पायांना धरून ठेवणारं कडं. लाकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा, नट दोन. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या; जहाजातून उतरवून जिथल्या तिथे जोडायच्या. हे सगळं एकोणिसाव्या शतकात! १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्या, असं सांगतात. नक्षी नाही, कोरीवकाम नाही, कारण त्या पद्धतीत त्याला जागाच नव्हती. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएने आपल्या दालनात थोनेटच्याच खुर्च्या मांडल्या. नव्या शतकाच्या वास्तुरचनाकारांना जे हवं होतं, ते या कंपनीने कधीचंच करून ठेवलं होतं. पुढे डिझायनर मार्सेल ब्रॉयरच्या वाकवलेल्या स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्याही थोनेटनेच काढल्या. लाकडाच्या जागी नळी आली, एवढंच.

आरामाचं म्हणाल, तर मला ती तासभर पुरते. पाठ सरळ, बैठक लहान. चहा-बनमस्का संपला की उठावंसं वाटतं, हे हॉटेलमालकाच्या पथ्यावरच पडतं. पण हलकी इतकी, की पोऱ्या एका हाताने उचलून टेबलावर उलटी ठेवतो आणि फरशी पुसून घेतो.

मुंबईतल्या सगळ्या खुर्च्या थोनेटच्या, असं मात्र समजू नका. १८६९ मध्ये कंपनीचा एकाधिकार संपला आणि जे. अँड जे. कोन यांच्यासारखे तगडे स्पर्धक उतरले. नकला तर किती निघाल्या त्याला सुमारच नाही. चोर बाजारात किंवा ओशिवऱ्याला कुणी 'ओरिजिनल थोनेट' म्हणून दुप्पट भाव सांगितला, तर बैठकीच्या कड्याची आतली बाजू बघा. तिथे डागलेला शिक्का किंवा कागदी लेबलाचा तुकडा नसेल, तर साध्या जुन्या खुर्चीचाच भाव द्या. शिक्का नसला तरी खुर्ची वाईट ठरत नाही, फक्त कहाणीचे पैसे देऊ नका.

डुगडुगते म्हणून नाकारू नका. बहुतेक वेळा स्क्रू आवळले की ती ताठ उभी राहते. वेत फाटला असेल तर नवा विणून मिळतो, किंवा प्लायची बैठक बसवता येते. पण मागच्या दांड्याला वळणावर तडा असेल, तर घेऊ नका. तो सांधून टिकत नाही, आणि तसा दांडा नव्याने वाकवून देणारा माणूस शोधण्यात खुर्चीच्या किमतीहून जास्त पैसे जातील.