तो तुझी चित्रं काढतो, पण तुझ्याकडे बघतो का?

ताई, मी 27 वर्षांची आहे, पुण्यात राहते. टेक्स्टाइल डिझाइन शिकलेय. तीन वर्षांपासून एका चित्रकाराबरोबर आहे. तो फक्त माझीच चित्रं काढतो, घरभर माझे चेहरे आहेत. मित्रमंडळी आम्हाला ‘रोझेटी आणि लिझी’ म्हणतात. वाढदिवसाला त्याने मला ‘ऑफेलिया’ची मोठी प्रिंट दिली. त्याला झोपेच्या गोळ्या लागतात, त्याही व्हिस्कीबरोबर. गोळ्या संपल्या की चार दुकानं फिरून मीच आणते. हल्ली अर्धी गोळी मीही घेते. माझं स्वतःचं काम दीड वर्षापासून बंद आहे. आता मला बंगळुरूला नोकरी लागली आहे. तो म्हणतो, तू गेलीस तर माझा हात थांबेल, मी जगणार नाही. इतकं प्रेम करणाऱ्याला सोडून जाणं पाप नाही का?
— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

नोकरी घे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या जिवाला घोर राहणार नाही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर ते तुमचं टोपणनाव. कौतुकाने ते नाव देणाऱ्यांनी चित्रं पाहिली असतील, पण त्या बाईचं पुढे काय झालं ते बहुधा वाचलेलं नाही. तुझ्या भिंतीवरच्या प्रिंटपासूनच सुरुवात करते. लंडनमध्ये टोप्या शिवण्याच्या दुकानात काम करणारी एलिझाबेथ सिडल, म्हणजे तुमच्या टोपणनावातली लिझी, 1852 च्या सुमारास चित्रकार जॉन मिलेच्या ‘ऑफेलिया’साठी, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधल्या बुडून मरणाऱ्या मुलीच्या चित्रासाठी, पाण्याने भरलेल्या टबात पडून राहायची. अंगात जरीकामाचा जुना, जड झगा. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवलेले असत. एक दिवस ते विझले. मिले रंगवण्यात गुंग होता आणि ही तशीच गार पाण्यात पडून राहिली, तोंडातून ब्र काढला नाही. मग आजारी पडली. वडिलांनी 50 पौंडांसाठी कोर्टाची धमकी दिली, तेव्हा मिलेने डॉक्टरचे पैसे भरले. हा किस्सा लोक तिच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. मला मात्र दर वेळी संताप येतो. हातभर अंतरावरच्या माणसाला तिचा चेहरा दिसत होता आणि तिची हुडहुडी दिसत नव्हती.

चित्रकार आणि कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटीचं वेड तर याच्याही पुढचं. त्याच्या सांगण्यावरून तिच्या ‘सिडल’ या आडनावातलं एक ‘एल’सुद्धा गळलं. थेम्सकाठच्या चॅटम प्लेसच्या घरात तो तिची चित्रं काढतच सुटला. वाचताना, केस विंचरताना, खुर्चीत डुलकी लागलेली असताना. त्याचा मित्र फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन याने 1855 साली त्या चित्रांनी गच्च भरलेला ड्रॉवर पाहिला आणि हे एकच खूळ याच्या डोक्यात बसलंय, अशा अर्थाची नोंद डायरीत केली. रोझेटीची बहीण क्रिस्टिना कवयित्री होती. तिने 1856 मध्ये एक सुनीत लिहिलं: सगळ्या कॅनव्हासवरून एकच चेहरा बघतो, चित्रकार रात्रंदिवस त्या चेहऱ्यावर जगतो, पण ती आत्ता जशी आहे तशी त्यात नाही, त्याच्या स्वप्नात जशी आहे तशी आहे. सख्ख्या बहिणीला जे कळलं ते त्याला कळलं नाही.

आणि लग्न? ते जवळजवळ दहा वर्षं लांबलं. 23 मे 1860 ला हेस्टिंग्जच्या चर्चमध्ये एकदाचं लागलं तेव्हा लिझी आजाराने पार खंगली होती. त्या काळी लॉडॅनम म्हणजे दारूत मुरवलेली अफू. ती वाण्याच्या दुकानातसुद्धा मिळायची, विक्रीवर बंधनं आली ती 1868 च्या कायद्याने. खोकला असो, दुखणं असो की झोप न येणं, सगळ्यावर तेच औषध. लिझीला ते रोज लागायला लागलं होतं. मे 1861 मध्ये तिला मुलगी झाली, मृतच जन्मली. पुढच्या फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दोघं कवी स्विनबर्नबरोबर बाहेर जेवली. रोझेटीने तिला घरी सोडलं आणि तो पुन्हा बाहेर पडला. परत आला तेव्हा ती बेशुद्ध होती, शेजारी लॉडॅनमची रिकामी बाटली. 11 फेब्रुवारी 1862 च्या पहाटे ती गेली. वय 32.

म्हणून तुझी ती अर्धी गोळी मला त्याच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा जास्त काळजीची वाटते. या आठवड्यातच डॉक्टरकडे जा आणि खरं सांग, किती दिवस घेतेयस तेही. गोळी रोजची झाली असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस. काही गोळ्या अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. आणि त्याच्यासाठी चिठ्ठीशिवाय दुकानं फिरणं आजपासून बंद. झोपेची गोळी आणि दारू एकत्र गेली की श्वास मंदावतो, झोपेतच थांबूही शकतो. तू प्रेमापोटी जे आणून देतेस ते हेच आहे, बाई.

आता त्याच्या ‘हात थांबेल’बद्दल. रोझेटीने दुःखाच्या भरात आपल्या कवितांची एकुलती एक वही लिझीच्या शवपेटीत ठेवली होती. ऑक्टोबर 1869 मध्ये कविता छापायच्या ठरल्या, तेव्हा हायगेटच्या दफनभूमीत रात्री तिची कबर उकरून ती वही बाहेर काढली. तो स्वतः तिथे गेला नाही. वही औषधी द्रावणात भिजवून स्वच्छ करावी लागली, ‘जेनी’ या कवितेच्या पानांना कीड लागून आरपार भोक पडलं होतं. 1870 मध्ये संग्रह निघाला. लिझी गेल्यावर हा माणूस वीस वर्षं चित्रं काढत होता. ‘बेआता बेआत्रिक्स’ या चित्रात मिटल्या डोळ्यांची लिझी आहे आणि पक्षी तिच्या हातात अफूचं फूल टाकतोय. तेही तिच्या मृत्यूनंतरचं. त्याच काळात मित्राची बायको, जेन मॉरिस, हा त्याचा नवा ध्यास झाला. हात काही थांबला नाही.

पण माणूस खचला. झोपेसाठी क्लोरल नावाचं औषध, वर व्हिस्की. तुझ्या घरात आज जे चाललंय त्याच्याशी किती जुळतं बघ. 1872 मध्ये त्याने स्वतःच लॉडॅनमची बाटली रिकामी केली, त्यातून वाचला. भाऊ विल्यम, जुने मित्र, त्याला सांभाळणारी फॅनी कॉर्नफोर्थ, सगळे जिवाभावाचे होते. तरीही क्लोरल सुटलं नाही आणि 1882 मध्ये तो गेला. त्यांची माया कमी पडली असं मी म्हणणार नाही. व्यसनावर उपचार लागतात, आणि ते त्या काळात नव्हते. आज आहेत, तुझ्याच शहरात आहेत. मुक्तांगणमध्ये घरच्यांशीही बोलतात, तो यायला तयार नसला तरी तू एकटी जा.

‘मी जगणार नाही’ हे त्याचं वाक्य खोटं धरू नकोस. ते एकटीने पेलूही नकोस. त्याचा भाऊ किंवा जवळचा मित्र, ज्याच्यावर तुझा विश्वास आहे, त्याला बोलावून सगळं स्पष्ट सांग: गोळ्या, दारू आणि हे वाक्य. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्यालाही दे, स्वतःही जवळ ठेव. तू निघशील त्या दिवशी आणि पुढचे काही आठवडे त्याच्याजवळ कोणी तरी राहील याची सोय आधी कर. घरात गोळ्यांचा साठा ठेवू नका. एवढं केल्यावर तुझं जाणं पाप ठरत नाही.

एक गोष्ट तुमच्या मित्रमंडळींना सांगायला हवी. लिझी स्वतः चित्रकार होती. समीक्षक रस्किनने 1855 मध्ये तिला वर्षाला 150 पौंड देऊ केले, बदल्यात तिचं सगळं काम तो घेणार होता. 1857 मध्ये लंडनच्या रसेल प्लेसला रोझेटी-मिले यांच्या प्री-राफेलाइट गटाचं प्रदर्शन भरलं, त्यात चित्रं लावणारी ती एकटी बाई. त्याच वर्षी ती शेफील्डला जाऊन कलाशाळेतही बसली. तिने स्वतःचं एक चित्र काढलंय, 1853-54 मधलं, लहानसं, गोल. ते शोधून बघ. रोझेटीच्या चित्रातली ओघळती मान त्यात नाही. जड पापण्या आहेत, ओठ घट्ट मिटलेले आहेत, थकलेली पण समोर रोखून बघणारी बाई आहे.

तू दीड वर्ष काम केलेलं नाहीस, असं एका ओळीत लिहून पुढे गेलीस. माझी नजर तिथेच अडली. ‘ऑफेलिया’ नेऊ नकोस. तुझ्या जुन्या डिझाइनच्या फायली बाहेर काढ, बॅगेत आधी त्या भर. आणि रुजू होण्याची तारीख आजच कळवून टाक.

तुझी,
ताई