जुनी मिनीव्हॅन : किलोमीटर मोजावेत की महिने?

‘गाडी फारशी चालत नाही, मग सर्व्हिसिंग पुढे ढकलले तर काय बिघडते?’ या अर्थाची पत्रे सातत्याने येत आहेत. दहा-बारा वर्षे जुन्या आणि अख्खे कुटुंब वाहून नेणाऱ्या मिनीव्हॅनबद्दल असा विचार होत असल्याचे पाहून मला काळजी वाटते. म्हणून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालते. पुस्तिकेत इंजिन ऑइल ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष’ झाल्यावर बदलावे असे दिले आहे. अडीच वर्षांनी बदलले तर चालेल का?

उत्तर : नाही. दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल, ते धरायचे असते. शिवाय केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ओलावा आणि न जळलेले इंधन ऑइलमध्येच साठत राहते. ऑइलची पातळी मधल्या काळात घटत असेल तर नुसती भर न घालता गाडी मेकॅनिकला दाखवावी.

प्रश्न : दर सर्व्हिसिंगला ‘इंजिन फ्लश’ (रसायन घालून इंजिन आतून धुणे) करण्याचा आग्रह धरला जातो. तो करावा का?

उत्तर : पुस्तिकेत सांगितले नसेल तर करू नये. जुन्या इंजिनात साचलेला गाळ एकाएकी सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. ही शिफारस पुस्तिकेच्या कोणत्या पानावर आहे, एवढेच विचारावे. पान दाखवता येत नसेल, तर ती गाडीची गरज नसून बिल वाढवण्याची सोय आहे.

प्रश्न : गेल्या महिन्यात चारही चाकांचे ब्रेक पॅड नवे टाकले. ब्रेक ऑइल नऊ वर्षांत एकदाही बदललेले नाही. पण टाकी काठोकाठ असल्यामुळे त्याची गरज नाही, असे शेजारी म्हणतात. सुटीत सर्वांना घेऊन डोंगराळ भागात जायचे आहे.

उत्तर : जाण्याआधी ते बदलून घ्यावे, आणि तोवर हा बेत स्थगित ठेवावा. टाकीतील पातळी द्रव किती आहे हे सांगते, तो कसा आहे हे सांगत नाही. नवे पॅड बसवताना कॅलिपरमधील (चाकाच्या तबकडीवर पॅड दाबणाऱ्या भागातील) पिस्टन मागे ढकलला जातो आणि द्रव टाकीत परत येतो, म्हणून आपली टाकी आज भरलेली दिसते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि गाडी उभी असली तरी हे चालूच राहते. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी लांब उतारावर सतत ब्रेक दाबत उतरते, तेव्हा पॅडची उष्णता कॅलिपरपर्यंत पोहोचते, पाणी मुरलेला द्रव उकळतो आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. रोजच्या वापरात याची कसलीही चाहूल लागत नाही, हीच यातली सर्वांत घातक बाब आहे. थोडा वेळ थांबल्यावर पेडल पुन्हा पूर्ववत होते, आणि लोक ‘आता ठीक आहे’ म्हणून पुढे निघतात. असे मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी अंगावर काटा आला आहे.

बहुतेक गाड्यांत हा द्रव दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. नेमकी मुदत आणि प्रत पुस्तिकेत पाहावी. नुसत्या टाकीतले ऑइल पिचकारीने ओढून नवे ओतणे म्हणजे बदलणे नव्हे. चारही चाकांपाशी ब्लीड करून, म्हणजे नळीतला द्रव बाहेर सोडून, जुना द्रव पूर्ण काढावा लागतो, आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत त्यासाठी गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनरही लागतो, म्हणून काम जाणकाराकडेच द्यावे. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा, कारण फळीवर उघडा राहिलेला डबाही ओलावा शोषतच असतो. नावात ‘ऑइल’ असले तरी हे तेल नव्हे. चुकून इंजिन ऑइल पडले तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक यंत्रणेतले बरेच भाग बदलावे लागतात.

प्रश्न : १,१०,००० किलोमीटर चाललेली जुनी गाडी घेतली आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनातील व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवणारा पट्टा) बदलल्याची नोंद नाही. आवाज आल्यावर बदलू, असे गॅरेजवाले म्हणतात.

उत्तर : बेल्ट बहुधा आवाज न करताच तुटतो, आणि अनेक इंजिनांत तो तुटताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. प्रथम आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, याची इंजिन क्रमांकावरून खात्री करून घ्यावी. बेल्ट असेल आणि लेखी नोंद नसेल, तर तो कधीच बदललेला नाही असे धरावे. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला मार्गावर ठेवणारा आयडलर, तसेच त्याच बेल्टवर चालत असल्यास वॉटर पंप, एकाच वेळी बदलावेत की नाही हे मेकॅनिकशी बोलून ठरवावे. माझे मत बदलावेत असे आहे.

प्रश्न : टायर आठ वर्षांचे आहेत, पण नक्षी शाबूत आहे.

उत्तर : नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. टायर तज्ज्ञाला दाखवावेत. तोपर्यंत पूर्ण भार घालून लांबचा प्रवास करू नये.

प्रश्न : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल १,४०,००० किलोमीटरपर्यंत बदललेले नाही. आता बदलले तर गिअरबॉक्स बसतो, असे ऐकले. खरे काय?

उत्तर : गिअर घसरू लागल्यावर लोक घाबरून ऑइल बदलतात, आधीच झिजलेला गिअरबॉक्स पुढे बंद पडतो आणि दोष नव्या ऑइलला दिला जातो. ऐकीव माहितीवर काहीही ठरवू नये. गिअरबॉक्सचे काम जाणणाऱ्याकडून ऑइलचा रंग आणि वास तपासून घ्यावा, गाडी चालवून पाहायला सांगावी आणि मगच निर्णय घ्यावा. बदलायचे ठरल्यास यंत्राने दाब देऊन फ्लश करण्यापेक्षा ऑइल खाली काढून नवे भरण्याचा पर्याय आधी विचारावा.

प्रश्न : चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लुकलुकतो. महिनाअखेरपर्यंत थांबता येईल का?

उत्तर : नाही. लुकलुकणारा दिवा म्हणजे बहुधा मिसफायर, अर्थात सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणे. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तो तापून निकामी होतो. दिवा पुन्हा लुकलुकला तर गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करावे आणि मेकॅनिकला तिथेच बोलवावे.