बुरशीच्या नावाची शेपटी

या खेपेला आलेल्या पत्रांचे विषय वेगळे आहेत, पण रोख सगळ्यांचा बुरशीच्या नावावर आहे. आणि नावंही बहुतेक १९०० ते १९३० या काळात ठेवलेली. माझी नोकरी वाळवलेल्या बुरशांच्या संग्रहात झाली, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

प्रश्न: मुलीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचं नाव ‘पेनिसिलियम क्रायसोजेनम थॉम १९१०’ असं आहे. माझ्या कॉलेजच्या जुन्या वहीत ‘पेनिसिलियम नोटॅटम वेस्टलिंग १९११’ निघालं. आणि तिच्या सरांनी वर्गात ‘रुबेन्स’ सांगितलं. तिघांत चुकलं कोण? आणि नावामागे हे थॉम, वेस्टलिंग कशाला?

तसं कोणीच चुकलेलं नाही. वही, पुस्तक आणि सर, तिघंही वेगवेगळ्या काळातलं सांगतायत.

आधी शेपटी बघू. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनाव. दुसरा जातीचा, म्हणजे स्वतःचं नाव. हजेरीपटावर आडनाव आधी येतं तसंच. त्यामागे येतो तो नाव ठेवणारा, आणि साल म्हणजे ते नाव रीतसर छापून आलं ते वर्ष. हे मानपत्र नव्हे, पत्ता आहे. एकच नाव दोघांनी दोन निराळ्या बुरशांना ठेवलं, तर आपण कोणाच्या बुरशीबद्दल बोलतोय हे कळायला नको का?

चार्ल्स थॉम अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या स्टॉर्सच्या कृषी प्रयोग केंद्रात चीजवर काम करत होते. कॅमेम्बर्ट आणि रोकफोर ही फ्रेंच चीज पिकवणाऱ्या बुरशा त्यांनी वेगळ्या काढल्या आणि १९०६ साली त्यांना त्या चीजचीच नावं दिली: पेनिसिलियम कॅमेम्बर्टी आणि पेनिसिलियम रोकफोर्टी. मग १९१० साली पेनिसिलियमचा मोठा अभ्यास आला. त्यात क्रायसोजेनम होती.

त्या काळी जात ठरवायची म्हणजे बुरशी बशीत वाढवायची आणि डोळे फोडून बघत बसायचं. मीही तसंच शिकले. सातव्या दिवशी झाकण उघडायचं. कडेची पांढरी किनार किती मिलिमीटर? मधला हिरवा निळ्याकडे झुकतो की राखाडीकडे? बशी उलटी केली की पाठ पिवळी दिसते की बिनरंगी? आणि वर दवासारखे थेंब आलेत का? क्रायसोजेनमवर पिवळेधमक थेंब येतात, नावाचाच अर्थ ‘सोनं निर्माण करणारी’. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बशीवर कोणाची पिवळी शाई सांडली असं वाटून घाबरले होते. तीच बुरशी मी दुसऱ्या माध्यमावर, म्हणजे बशीतल्या दुसऱ्या खाद्यावर लावली, तर थेंब गायब. मग ही वेगळी जात म्हणायची की तीच, आज वेगळ्या तोंडानं आलेली? या प्रश्नावर माणसांची हयात जायची. स्वीडनच्या रिचर्ड वेस्टलिंग यांनी कुजक्या हिसॉपच्या झाडावरची बुरशी १९११ साली नोटॅटम म्हणून वेगळी काढली, ती अशाच बारकाव्यांवर.

आता पेनिसिलिन. फ्लेमिंग यांच्या बशीत १९२८ साली जी बुरशी आली, तिला १९२९ च्या त्यांच्या लेखात पेनिसिलियम रुब्रम म्हटलंय. ते चूक होतं. थॉम यांनीच पुढे ती वेस्टलिंगची नोटॅटम असल्याचं सांगितलं, म्हणून तुमच्या वहीत नोटॅटम. दुसऱ्या महायुद्धात जास्त पेनिसिलिन देणारं वाण शोधताना १९४३ साली इलिनॉयमधल्या पिओरियात एका बुरसटलेल्या खरबुजावर ते सापडलं, आणि ते क्रायसोजेनम ठरलं. तिथल्या एनआरआरएल या प्रयोगशाळेच्या संग्रहात त्याचा क्रमांक एनआरआरएल १९५१. हा क्रमांक आहे, साल नव्हे. ‘१९५१ साली सापडली’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत इतक्यांदा लाल केलंय की आता हात आपोआप वळतो.

१९७७ साली तज्ज्ञांनी नोटॅटम आणि क्रायसोजेनम एकच ठरवल्या. थॉम यांचं नाव एका वर्षानं थोरलं, म्हणून ते टिकलं. तिथे तुमच्या मुलीचं पुस्तक येतं. आणि २०११ साली डीएनए तपासल्यावर कळलं की फ्लेमिंगची बुरशी काय, खरबुजावरची काय, दोन्ही क्रायसोजेनम नव्हेतच. बेल्जियमच्या फिलिबेर ब्यूर्ज यांनी १९२३ साली जिला रुबेन्स म्हटलं होतं, ती ही. अठ्ठ्याऐंशी वर्षं ते नाव कोपऱ्यात बसून होतं. सरांना माझा नमस्कार सांगा, ते वाचत असतात.

शेपटीत कधीकधी कंस दिसतो, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्याचंच येणार, म्हणून आत्ताच सांगते. शिताके आळिंबीचं नाव आहे लेंटिन्युला इडोडिस (बर्कली) पेग्लर. बर्कली यांनी १८७८ साली तिला अ‍ॅगॅरिकस या आडनावाखाली नाव दिलं. पेग्लर यांनी १९७० च्या दशकात तिला लेंटिन्युलात आणलं. मूळ नाव ठेवणारा कंसात, घर बदलून देणारा बाहेर. पण लेंटिन्युला हे घर बांधलं कोणी? फ्रँकलिन समनर अर्ल यांनी, १९०९ साली. त्यांचं नाव ना कंसात, ना बाहेर. प्रजातीचं नाव एकटं लिहिलं तरच ते दिसतं. मला हा जरा अन्याय वाटतो.

प्रश्न: पावावर येणाऱ्या नारिंगी बुरशीला एका गाइडमध्ये मोनिलिया सिटोफिला म्हटलंय, दुसऱ्यात न्यूरोस्पोरा सिटोफिला. परीक्षेत काय लिहू?

न्यूरोस्पोरा लिहा. पूर्वी या बुरशीचा फक्त नारिंगी, भुकटीसारख्या बीजाणूंचा अलैंगिक अवतार माहीत होता, तो मोनिलिया. शिअर आणि डॉज या अमेरिकन जोडीनं १९२७ साली तिची लैंगिक फळं दाखवली. आतल्या बीजाणूंवर शिरांसारख्या रेघा, म्हणून न्यूरोस्पोरा. दोन अवतारांना दोन नावं चालतील, ही सवलत १९१० च्या ब्रुसेल्सच्या वनस्पतिशास्त्र परिषदेतली. ती शंभर वर्षं चालली. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत ती मोडीत काढली आणि एका बुरशीला एकच नाव असं ठरलं. तुमचं पहिलं गाइड जुनं दिसतंय.

प्रश्न: हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम या रोगकारक बुरशीला ‘कॅप्सूल’, म्हणजे पेशीभोवतीचं आवरण, नसते असं मॅडम म्हणाल्या. मग नाव बदलत का नाहीत? चुकीचं नाव पाठ करायला लावण्यात काय अर्थ आहे?

तुमचा वैताग रास्त आहे. त्या नावात आवरणच काय, ‘प्लाझ्मा’ही चूक आहे.

पनामा कालव्याचं काम चालू असताना सॅम्युअल डार्लिंग हे डॉक्टर तिथल्या अँकॉन हॉस्पिटलात शवविच्छेदनं करत. डिसेंबर १९०५ मध्ये मार्टिनिकहून आलेल्या एका सुताराचा मृतदेह त्यांच्यापुढे आला. फुप्फुसात क्षयासारख्या बारीक गाठी, पण क्षयाचे जंतू नाहीत. पेशींच्या आत मात्र असंख्य बारीक गोल कण. काळा आजाराचा परजीवी नुकताच, १९०३ साली, जगापुढे आला होता, आणि डार्लिंग यांच्या डोक्यात तोच होता. हे कण त्यांना त्याच जातकुळीतले वाटले. ऊतकांतल्या पेशींत राहतो म्हणून हिस्टो, मलेरियाच्या प्लाझ्मोडियमसारखा दिसतो म्हणून प्लाझ्मा, आणि कणाभोवती पांढरं वलय दिसतं, ते आवरण समजून कॅप्सुलेटम. १९०६ साली नाव छापून आलं.

ते वलय म्हणजे नमुना पक्का करून रंगवताना बुरशीची पेशी आकसते आणि भोवती मोकळी जागा राहते, ती. तुमच्याकडे स्लाइड असेल तर नीट बघा, भिंतीतून उपटलेल्या खिळ्याच्या भोकासारखी रिकामी जागा दिसेल. हा परजीवी प्राणी नसून बुरशी असावी, हे १९१२ साली हाम्बुर्गहून दा रोशा लिमा यांनी सुचवलं. प्रयोगशाळेत ती वाढवून दाखवली डीमॉनब्रून यांनी, १९३४ साली. डार्लिंग तोवर वारले होते.

पण नियम असा की नाव शोभत नाही एवढ्यावरून ते बदलता येत नाही. मला हा नियम पटतो. आपल्याकडेही शांता नावाची बाई भांडकुदळ निघाली म्हणून कोणी तिचं नाव बदलत नाही. डार्लिंग यांना त्या दिवशी काय दिसलं, कशासारखं वाटलं, हे सगळं त्या दोन शब्दांत साठून राहिलंय.

हे मी एकदा चांगलंच शिकले. संग्रहात नवीन होते. लाकडावरच्या एका बुरशीच्या पाकिटावर ‘पॉलिस्टिक्टस’ असं पेन्सिलीनं लिहिलेलं, त्याखाली ‘हिर्शिओपोरस’. मला सांगितलं होतं की आता तिला ट्रायकॅप्टम म्हणायचं. ही प्रजाती विल्यम मरिल यांनी १९०४ साली केलेली, म्हणून १९३३ च्या हिर्शिओपोरसवर तिनं मात केली. मी खोडरबर घेतलं, दोन्ही जुनी नावं स्वच्छ पुसली आणि सुवाच्य अक्षरात नवं नाव घातलं. आमचे वरिष्ठ काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलावरचा दिवा आडवा केला, भिंग हातात दिलं आणि तिरप्या उजेडात पेन्सिलीच्या दाबानं कागदावर उरलेले खड्डे वाचून दोन्ही नावं परत लिहायला लावली. तारखेसकट. दुपार गेली. तेव्हापासून मी नवं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून खाली चिकटवते. वरच्याला हात लावत नाही.

नियम वाकतो तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, सगळंच दगडावरची रेघ. जपानमध्ये पाइनच्या झाडाखाली येणारी मात्सुताके ही आळिंबी अतिशय मानाची. तिला इतो आणि इमाई यांनी १९२५ साली आर्मिलारिया मात्सुताके असं शास्त्रीय नाव दिलं. पण नॉर्वेच्या आक्सेल ब्लिट यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०५ साली निघालं, त्यात एक आळिंबी होती, आर्मिलारिया नॉसिओसा. अर्थ: मळमळ आणणारी. तिचा वास त्यांना काही सोसला नसावा. स्वीडनच्या संशोधकांनी २००० साली डीएनए ताडून पाहिला, तर दोन्ही एकच! थोरल्या नावाचा मान या नियमानं जगातल्या या लाडक्या आळिंबीचं नाव ‘मळमळ’ झालं असतं. तेव्हा त्याच संशोधकांनी रीतसर अर्ज केला की धाकटं नाव राखून ठेवावं, आणि तो मंजूर झाला. आज ती ट्रायकोलोमा मात्सुताकेच आहे, घर बदलल्यानं आडनाव तेवढं बदललं. म्हणजे नाव बदलायचं नाही, हे सांगायलाही अर्ज करावा लागतो.

प्रश्न: बागेतल्या कुजक्या ओंडक्यावर केशरी कपासारख्या बुरशा आल्यात. दोन अ‍ॅपनी दोन नावं सांगितली. नवीन जात असेल तर वडिलांचं नाव देता येईल का?

येईल. पण अ‍ॅपचं एकमत होत नाही, एवढ्यानं जात नवीन ठरत नाही. वर्णन छापून आलं पाहिजे, एक प्रमाण नमुना कायमच्या संग्रहात ठेवला पाहिजे, आणि २०१३ पासून नावाची नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. लॅटिन वर्णनाची सक्ती मात्र २०१२ पासून गेली, इंग्रजी चालतं.

नावापायी माणसं काय करतात यावर अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या कर्टिस गेट्स लॉइड या बुरशी-अभ्यासकाइतकं कोणी हसलं नसेल. घरचा औषधांचा धंदा, त्यामुळे कोणाची भीड नाही. बुरशीच्या नावामागे माणसाचं नाव लावायचं म्हणूनच लोक उगाच नव्या जाती काढतात, असं त्यांचं मत. ते ही शेपटी लिहीतच नसत. वर मॅकगिंटी नावाचे एक काल्पनिक प्राध्यापक उभे करून त्यांच्या नावावर जाती खपवायचे. १९२२ साली त्यांनी जिवंतपणीच स्वतःचा समाधिदगड उभारला. त्यावर कोरलंय की हा माणूस १८५९ मध्ये जन्मला, साठ किंवा जास्त वर्षांनी मेला, नक्की किती जगला ते कोणाला माहीत नाही आणि कोणाला पर्वाही नाही, आणि हा दगड त्यानं स्वतःच्याच हौसेखातर बसवलाय. १९२६ साली ते गेले. त्यांनी नाव दिलेल्या बुरशांमागे आज नियमानुसार ‘लॉइड’ लिहितात.

तुमच्या केशरी कपांचं म्हणाल तर ओंडक्याच्या सालीसकट एक तुकडा कापा, ताजा असतानाच रंगाचा फोटो काढा, कारण वाळल्यावर केशरी राहत नाही. कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसऱ्या दिवशी त्यावर भलतीच बुरशी चढेल आणि तुम्ही तिलाच वडिलांचं नाव देऊन बसाल.