एफडी मोडून डिजिटल कॅमेरा घ्यावा का?

नाशिकमध्ये सातपूरला नोकरी करणाऱ्या आणि गेली वीस वर्षं निकॉन एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर रोल काढणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. महिन्याला दोन रोल लागतात. रोल ९०० रुपये आणि धुणं, स्कॅनिंग, मुंबईचं कुरियर मिळून ६००, म्हणजे वर्षाचे ३६ हजार. १ लाख ६० हजारांचा नवा मिररलेस डिजिटल कॅमेरा साडेचार वर्षांत फिटेल, असा त्यांचा हिशेब. त्यासाठी २ लाखांची एफडी मोडू की नो कॉस्ट ईएमआय घेऊ, असं ते विचारतात. २०२७ च्या सिंहस्थाआधी कॅमेरा हातात हवाय.

डिजिटलकडे जाच. रामकुंडावर पहाटे उजेड दर मिनिटाला बदलतो आणि रोलला मात्र एकच आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची ठरलेली क्षमता. शिवाय एकेका फ्रेमला जवळपास ४२ रुपये पडत असताना गर्दीत बटण दाबायला हात धजत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

पण तुमच्या हिशेबात एक गफलत आहे. रोलचा खर्च तुमच्या मुठीत होता. हात आखडला तर त्या महिन्यात रोल नाही, विषय संपला. हप्ता तसा थांबत नाही. आणि डिजिटलची भूक नुसत्या बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, भागत नाही. एकदा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन या, परतीच्या वाटेतच मोठ्या झूमच्या किमती बघायला लागाल. (ती लेन्स भाड्यानं घ्या. पक्षी काही रोज येत नाहीत.)

एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडल्यावर व्याजात बसणारा फटका किरकोळच, पण तो पैसा पुढच्या जूनमध्ये मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी आहे, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कॅमेरा रोखीनं येणार आणि फी कर्जानं! नो कॉस्ट ईएमआयमध्येही सहसा प्रोसेसिंग फी असते, क्रेडिट कार्डावर घेतला तर व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो, आणि रोखीनं मिळाली असती ती सूट बहुतेकदा जाते.

तुम्हाला ५५ हजारांत निकॉनचा सेकंड हँड डीएसएलआर डी७५० मिळतोय ना? तोच घ्या. बचत खात्यातले जादा २५ हजार आणि दिवाळी बोनसचे ३०, झालं काम. तुमच्या २८, ५० आणि १०५ मिमीच्या जुन्या ‘एआय’ लेन्स (निकॉनच्या हातानं फोकस करायच्या लेन्सची एक जात) त्यावर बसतात. मेन्यूत लेन्सची माहिती भरली की उजेड मोजणारा मीटरही चालतो. फोकस हातानं करायचा, ती तुमची सवयच आहे. निकॉनच्या सुरुवातीच्या स्वस्त डीएसएलआरवर या लेन्स लावल्या तर मीटर चालत नाही, म्हणून दहा-पंधरा हजार वाचवायला तिकडे वळू नका.

कार्ड, जादा बॅटरी आणि दोन हार्ड डिस्कसाठी १५ हजार वेगळे धरा, पण ते पुढच्या दोन-तीन पगारांतून. डिस्क दोन हव्याच, कारण निगेटिव्हचा डबा कपाटात आपोआप टिकतो, फाइल टिकत नाही. एफएम२ विकू नका, तीन महिन्यांतून एक रोल चालू द्या. तरी वर्षाला ३० हजार वाचतात आणि सगळे ७० हजार सव्वादोन-अडीच वर्षांत भरून निघतात, मध्ये नवी लेन्स आली नाही तर.

बॉडी बघायला जाताना १०५ ची लेन्स सोबत न्या आणि शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते विचारा. या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. आकडा लाखापुढे असेल तर ५५ हजार देऊ नका.