आधी हात पसर

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. ८०० डॉलर जमवलेस, हरणाच्या शिकारीसाठी दुकानात १,३०० चं कंपाउंड धनुष्य नजरेत भरलं आणि आता वरचे ५०० उसने मागावेत का, असं विचारतोयस. मागू नकोस. माझ्याकडेही नाही आणि कार्डाकडेही नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण ऐकत आलो. धनुष्याच्या बाबतीत आधी हात पसरायचे. भिंतीला पाठ टेकव, दोन्ही हात आडवे कर, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत कुणाकडून तरी इंचांत मोजून घे आणि त्या आकड्याला अडीचने भाग. ७० आले तर २८. ही तुझी ड्रॉ लेन्थ, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढल्यावर दोरी किती मागे यायला हवी ते माप. हा अंदाज आहे, दुकानातला जाणकार त्यात अर्धा-एक इंच इकडेतिकडे करेल. पण कंपाउंडच्या कॅमला, म्हणजे टोकांवरच्या चाकांना, जे माप बसवलंय त्याच्यापुढे ते ओढलंच जात नाही, त्यामुळे हा आकडा चुकला की धनुष्य कितीही महागाचं असो, ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

मी मोजलं नव्हतं. विस्कॉन्सिनमधलं माझं दुसरं वर्ष, सेल लागलेला, २९ इंची आणि ७० पाउंडी धनुष्य निम्म्या किमतीत मिळत होतं. माझे हात पसरले तर ६७ इंच भरतात, म्हणजे ड्रॉ लेन्थ पावणेसत्तावीस. दोरी गालाशी थांबायच्या ऐवजी कानामागे जायची आणि सुटताना डाव्या हातावर फटका देऊन जायची. पंधरा दिवस ऑफिसला पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून गेलो. मोठ्या भावाची बॅट घेऊन खेळणाऱ्या पोराची गत.

लांबीपेक्षाही माझी खोड मोडली ती वजनाने. ड्रॉ वेट म्हणजे दोरी ओढताना किती पाउंडांचा जोर लागतो ते. दुकानात उभं राहून, अंग तापलेलं असताना, चार माणसं बघत असताना ७० पाउंड कुणीही ओढतो. नोव्हेंबरात मचाणावर तीन तास बसून राहिल्यावर बोटं गोठलेली, अंगावर जॅकेटचे थर, आणि वीस यार्डांवर हरीण येऊन उभं राहिलं तेव्हा मला ते ओढवेना. शेवटी धनुष्य आभाळाकडे उचलून, सगळं अंग लावून ओढलं. एवढी हालचाल हरीण बघतच होतं. शेपूट वर करून गेलं.

म्हणून दुकानात एवढं कर. खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल आणि धनुष्य समोर सरळ धरून सावकाश ओढ. ते वर उचलावं लागलं किंवा खांदा थरथरला तर पाच पाउंड कमी करायला सांग. पुन्हा ओढ. लाज वाटून घेऊ नकोस. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी कायद्याने किमान ३० पाउंड लागतात. ४५-५० पाउंड, धारदार ब्रॉडहेड (बाणाचं शिकारीचं टोक) आणि वीस यार्डांच्या आतला नेम, एवढं इथल्या व्हाइटटेल हरणाला पुरतं. शिवाय कंपाउंडची गंमत अशी की पूर्ण ओढल्यावर बहुतेक भार कॅम उचलतात. ८० टक्के लेट-ऑफ असेल तर ५० पाउंडांचं धनुष्य धरून ठेवताना हातावर दहाच पाउंड राहतात. हे कॅमवालं यंत्र मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलनने शोधलं, १९६९ साली त्याला पेटंट मिळालं. माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या माणसाने त्याचे आभारच मानावेत.

खोक्यावर छापलेल्या वेगाला भुलू नकोस. सेकंदाला ३४० फूट वगैरे जे लिहितात ते ७० पाउंड, ३० इंच आणि ३५० ग्रेन वजनाचा हलका बाण धरून मोजलेलं असतं. ड्रॉ लेन्थ एक इंच कमी झाली की साधारण दहा फूट वेग जातो, ड्रॉ वेट कमी केलं की आणखी जातो. जाऊ दे. आवाजाचा वेग सेकंदाला ११०० फुटांच्या वर आहे, तुझा कुठलाही बाण आवाजाच्या आधी पोचणार नाही. सुटताना कमी वाजणारं धनुष्य घे.

आता पैसे. १,३०० ही किंमत नुसत्या धनुष्याची असते. नेम धरायची साइट नाही, बाण टेकवायचा रेस्ट नाही, भाता नाही, दोरी सोडायचा रिलीज नाही. पहिल्या धनुष्यासाठी ४००-५०० मध्ये बहुतेक साज लावून मिळणारं पॅकेज घे. डायमंड कंपनीचं इन्फिनिट एज प्रो १३ ते ३१ इंच आणि ५ ते ७० पाउंडांपर्यंत बदलता येतं. तसं काहीतरी बघ. उरलेल्यातून चांगला रिलीज, तुझ्या ड्रॉ वेटला जुळणाऱ्या ताठरपणाचे सहा बाण, तीन ब्रॉडहेड, फोमचं टार्गेट आणि मचाणावरून पडू न देणारा सेफ्टी हार्नेस. पैसे कमी पडले तर रिलीज साधा घे. हार्नेसमध्ये काटकसर केलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

सेकंडहँडला माझी ना नाही. चार-पाच वर्षं जुनं, मोठ्या कंपनीचं धनुष्य निम्म्याने मिळतं. फक्त कापसाचा बोळा पात्यांवरून, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाजूंवरून, फिरव, तंतू अडकले तिथे तडा आहे असं समज आणि परत दे. दोरीला केसाळ लव सुटली असेल तर नव्या दोऱ्यांचे शंभर-दीडशे किमतीत धर. आणि त्या कॅमवर तुझी ड्रॉ लेन्थ बसते का, हे पैसे द्यायच्या आधी विचार, नंतर नव्हे. बाण न लावता ओढलेली दोरी कुठल्याच धनुष्याची सोडू नकोस, पाती तिथेच फुटू शकतात.

उजवं की डावं, हेही बघायचं राहिलं असेल. दोन्ही तळव्यांमध्ये छोटी खिडकी करून लांबच्या दिव्याकडे बघ, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तुझा नेमाचा डोळा, धनुष्य त्याच बाजूचं घे.

तू १९७३ नंतर जन्मलेला, म्हणजे परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागेल. तो उन्हाळ्यात उरकून टाक, दुकानंही तेव्हा रिकामी असतात. सप्टेंबरात कुणाला तुझ्यासाठी तासभर वेळ नसतो. सुट्टीला घरी जाताना मात्र धनुष्य इथेच ठेव. इथे धनुष्यांवर कर लावून तो पैसा वन्यजीवांसाठी वापरायचा कायदा १९७२ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी तिकडे भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला. गावाकडे रानडुक्कर दाखवायला कुणी काका-मामा उत्साहाने नेईल, तेव्हा हे आठव.

शनिवारी दहाला दुकानाशी भेटू. टेप मी आणतो. सैल बाहीचा शर्ट घालू नकोस, दोरीत अडकते.

तुझा,
काका