पोर्टलला डेटाबेसचा पासवर्ड देऊ नका

"ईआरपीनेक्स्ट आमच्याच सर्व्हरवर आहे. ग्राहकांना वेबसाइटवर बिलं आणि बाकी दिसावी, ऑर्डरही तिथूनच यावी. डेव्हलपर म्हणतोय, डेटाबेसचा ॲक्सेस द्या, पंधरा दिवसांत जोडून देतो." हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. (ईआरपीनेक्स्ट म्हणजे बिलं, माल आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर.) तो ॲक्सेस देऊ नका. आमच्याकडे नेमक्या याच वाटेने काम झालं आणि ते निस्तरताना आमचे हाल झाले.

सर्व्हर, बॅकअप, टेस्ट साइट हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरतो.

आम्ही पंपांचे सुटे भाग विकतो. ज्या एजन्सीला पोर्टलचं, म्हणजे ग्राहकांच्या वेबसाइटचं काम दिलं तिने वेबसाइटवरची ऑर्डर थेट मारियाडीबीतल्या (ईआरपीनेक्स्टच्या डेटाबेसमधल्या) बिलांच्या टेबलात लिहिली. एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने ईआरपीनेक्स्टशी बोलायचा अधिकृत मार्ग, हळू चालतो, हे तिचं कारण. टेबलात डॉकस्टेटस (बिल कच्चं की पक्कं ते सांगणारा आकडा) १ लिहिला की बिल 'सबमिटेड', म्हणजे पक्कं दिसतं, प्रिंटही निघते. पण ईआरपीनेक्स्टमध्ये बिल खरोखर सबमिट होतं तेव्हा मागे प्रोग्रॅम चालतो आणि तोच जीएल एन्ट्री (खातेवहीतली डेबिट-क्रेडिट नोंद), पेमेंट लेजर (कोणाकडून किती येणं आहे ती नोंद) वगैरे नोंदी टाकतो. थेट टेबलात लिहिलं तर तो चालतच नाही. बिल आहे, पण खात्यात त्याची नोंद नाही.

जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरण) बिलांवरून बनतो, त्यामुळे त्यात ही विक्री गेली. नफातोटा पत्रक जीएल एन्ट्रीवरून बनतं, तिथे ती नाही. पोर्टल बिलावरचा बाकीचा आकडा दाखवत होतं. वसुलीचा रिपोर्ट मात्र पेमेंट लेजरवरून निघतो, त्यात ते बिलच नाही. ग्राहक पैसे द्यायचेत म्हणून फोन करायचा आणि आमचा माणूस सांगायचा, तुमची काही बाकी नाही. सीएंनी वार्षिक विवरणासाठी उलाढाल जुळवायला घेतली तेव्हा फरक उघड झाला. एजन्सीचं उत्तर एकच: "पोर्टलवर बिल दिसतंय ना? मग आमच्याकडून काम पूर्ण आहे." तक्रारीचं तिकीट बंद. पुन्हा उघडलं की पुन्हा बंद. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला हात लावणाऱ्याला डेबिट-क्रेडिट कळत नसेल, तर त्याने ते काम घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

बिल रद्द करून नवीन करावं, तर दुरुस्त बिलाच्या नंबरापुढे -१ लागतो. जुना नंबर विवरणात गेलेला, ग्राहकाने त्यावर जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं. शेवटी दुसऱ्या एका जाणकाराने सर्व्हरच्या कॉपीवर एकेका बिलासाठी सॉफ्टवेअरचंच लेजर नोंदींचं फंक्शन चालवलं, ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांचा ताळा) जुळवला आणि मग तेच मूळ ठिकाणी केलं. तुमची कंपनी नोंदणीकृत असेल तर आणखी एक: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणारंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. थेट टेबलात केलेला बदल ईआरपीनेक्स्टच्या त्या नोंदीत येत नाही. ऑडिटरला काय सांगणार?

तेव्हा जोडणी फक्त रेस्ट एपीआयने करा. पोर्टलसाठी वेगळा युजर काढा, त्याला ऑर्डर तयार करण्याची आणि बिल वाचण्याची परवानगी द्या, बस. त्याची की आणि सीक्रेट (एपीआयसाठीचं लॉगिन आणि पासवर्डच) तुमच्या सर्व्हरवरच राहू दे, ब्राउझरच्या कोडमध्ये नको. ऑर्डर ड्राफ्ट, म्हणजे कच्ची म्हणून येऊ दे. बिल तुमच्या अकाउंटंटनेच सबमिट करावं. रोज हजारो बिलं करणारे यावर वाद घालतील, पण तुमचं काम तेवढं नसावं असं धरतो. वेबसाइटचा ऑर्डर नंबर एका वेगळ्या फील्डमध्ये घ्या आणि त्याला युनिक करा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा घेतला जाणार नाही. नाहीतर नेट मध्येच तुटलं की पोर्टल तीच ऑर्डर पुन्हा पाठवतं, आणि माल दोनदा निघतो.

एपीआयने यादी मागितली की न सांगता फक्त २० नोंदी येतात. मर्यादा वाढवून मागितली नाही तर जुन्या ग्राहकाची बाकी चुकीची दिसेल आणि एररही येणार नाही. बिलांचे नंबर ओळीने असतात, म्हणून लिंकमधला नंबर बदलून दुसऱ्याचं बिल उघडत नाही ना, हे स्वतः दोन लॉगिनने तपासा. ईआरपीनेक्स्टची मूळ बिल नंबरांची मालिका वर्षासकट १९ अक्षरांची होते आणि जीएसटीत बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. ती आधीच बदला.

बाकी दाखवताना टीडीएस आणि ॲडव्हान्स विसरू नका. ग्राहकाने टीडीएस कापून पैसे भरले आणि तुमच्याकडे ती नोंद व्हायची असली, तर पोर्टल त्याला थकबाकीदार ठरवतं. आमचे जुने, चांगले ग्राहक यावरून दुखावले. मी सीए नाही, त्यामुळे कराच्या नोंदी कशा करायच्या ते तुमच्या सीएंना विचारा.

आणि वेगळं पोर्टल हवंच आहे का, याचाही विचार करा. ग्राहकाच्या संपर्क व्यक्तीला युजर जोडला की ईआरपीनेक्स्टच्या स्वतःच्या पोर्टलवर त्याला त्याच्या ऑर्डरी आणि बिलं दिसतात. खातेउतारा ठरावीक दिवशी आपोआप ईमेल करायची सोयही आत आहे. दिसायला साधं आहे, पण आकडे खरे असतात.

तुमची आवृत्ती कोणती ते लिहा. १४ पासून जीएसटीचा भाग 'इंडिया कम्प्लायन्स' या वेगळ्या ॲपमध्ये गेला आहे. त्याआधीची असेल तर पोर्टल जोडण्याआधी अपग्रेड करून घ्या.