गुणाकारात कसला आलाय गुण?

प्रश्न असा होता: परीक्षेत गुण मिळतात, औषधाचा गुण येतो, इथवर ठीक, पण गुणाकारात कसला आलाय गुण? हा एकच शब्द की नुसते सारखे दिसणारे दोन-तीन?

एकच. आणि गंमत म्हणजे आपण अडतो तो गुणाकारावर, पण जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळ तोच आहे. संस्कृतात गुण म्हणजे दोरा, दोरी, दोरीचा पदर. धनुष्याची दोरी पण गुणच (तिचं दुसरं नाव जीवा, ती भूमितीत जाऊन वर्तुळात बसली, पण ते राहू दे, भरकटेन मी). आता एक सुतळी घ्या, मधोमध दुमडा आणि पीळ द्या, झाली दोन पदरी, म्हणजे द्विगुण. तीन पदर घेतले की त्रिगुण. असं पदर मोजता मोजता 'इतक्या पट' हा अर्थ आला, मग दोरी गळून पडली आणि नुसती पट उरली, गुण्य-गुणक-गुणाकार सगळं तिथलंच. आणि हा द्विगुण आपण सगळ्यांनी लहानपणी घोकलाय बरं का, 'बे दुणे चार' मधलं दुणे म्हणजे द्विगुणच, बोलून बोलून झिजलेला. आनंद दुणावतो तोही यातलाच. तबलेवाले दुगुन करतात, म्हणजे जेवढ्या वेळात एकदा वाजवले तेवढ्यातच तेच बोल दोनदा, ती पण हीच.

मग चांगुलपणा कुठून आला? पदर म्हणजे दोरीचा घटक, आणि घटकावरून वस्तूचा अंगभूत धर्म, असा हा प्रवास दिसतो. सत्त्व, रज, तम यांना गुण म्हणतात तिथे दोरी अजून पुसट दिसते, गीतेच्या 14व्या अध्यायात हे तीन गुण देहात जीवाला 'बांधतात' असंच क्रियापद आहे. निर्गुण म्हणजे या तिन्हींच्या पलीकडचा, काही गुण नसलेला नालायक नव्हे!

धर्म या अर्थाचा गुण मुळात चांगला-वाईट काहीच नसतो. आयुर्वेदातले 20 गुण बघा, जड-हलकं, थंड-उष्ण अशा विरुद्ध जोड्या आहेत, वैशेषिक म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातली एक जुनी शाखा, तिच्या 24 गुणांत तर संख्या आणि अंतर पण येतं. 'वाण नाही पण गुण लागला' म्हणतो तेव्हा तो गुण चांगला नसतोच. चांगलाच गुण हवा म्हणून सद्गुण आणि नको तो अवगुण असे शब्द करावे लागले, नंतर नुसत्या गुण शब्दालाच चांगला वास चिकटला, गुणी बाळ वगैरे. औषधाचा गुण, डॉक्टरच्या हाताचा गुण, पायगुण हे म्हणजे त्या धर्माचा दिसलेला परिणाम. परीक्षेतले गुण म्हणजे लायकी आकड्यात मांडली, पत्रिकेतले 36 पण तसेच. आणि 'काय गुण उधळलेस?' मधला गुण कसला ते ज्याला विचारलं जातं त्याला बरोब्बर कळतं :)

एक मात्र या साखळीत ओढूनताणून बसवू नका, तो म्हणजे व्याकरणातला गुण. पाणिनीने अ, ए, ओ या तीन स्वरांना गुण असं नाव दिलंय, अष्टाध्यायीतलं दुसरंच सूत्र आहे ते. महा + ईश = महेश, सूर्य + उदय = सूर्योदय, इथे आ आणि ई मिळून ए झाला, अ आणि उ मिळून ओ, याला गुणादेश म्हणतात. आता ए मध्ये काय सद्गुण आहे किंवा ओ कितीपट झाला असं शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, माझ्या मते ते शास्त्रापुरतं चिकटवलेलं लेबल आहे.

आणि सगळ्यात आवडता म्हणजे गुणसूत्र. हा आपल्याकडचा नवा शब्द, आईबापाचे गुण पुढे नेणारं सूत्र म्हणून केलेला, माणसाच्या पेशीत 46 असतात ती. सूत्र म्हणजे दोरा. आणि गुण म्हणजे? मुळात दोराच. शब्द घडवणाऱ्याच्या हे डोक्यात होतं का कुणास ठाऊक, पण दोन पदरांचा शब्द झालाय खरा.